रोजकीर्द, खतावणी आणि जावाचे संग्रह

वाङ्मय मंडळाच्या अंकात कविता येतात, प्रवासवर्णनं येतात, आजीवरचे ललितलेख तर दर अंकात दोन तरी असतातच. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेवर इथे सहसा कोणी लिहीत नाही. तरी मी लिहितेय, कारण शब्द निवडून वापरायची ज्यांना सवय आहे, त्यांना हा विषय आम्हा कॉम्प्युटरवाल्यांपेक्षाही लवकर कळेल असं मला वाटतं.

गोष्ट साधी आहे. प्रोग्राम लिहिताना हातात एकाच जातीच्या खूप वस्तू येतात. माणसांची नावं, पावत्या, गावं, रकमा. त्या कशात तरी ठेवायच्या असतात. जावात त्यासाठी तयार भांडी आहेत. त्यांना कलेक्शन म्हणतात, मी इथे संग्रह म्हणेन. धान्याला कणगी, पाण्याला माठ, लोणच्याला बरणी, तसं कशासाठी कोणता संग्रह घ्यायचा हे ठरवावं लागतं. वर्गात हा विषय वेगाच्या अंगानं शिकवतात. कशात शोधायला किती पायऱ्या लागतात, कशात घालायला किती वेळ लागतो, परीक्षेत तक्ता काढा आणि गुण घ्या. तक्ता बरोबरच असतो. पण संग्रह निवडताना आपण आणखी एक गोष्ट ठरवत असतो, ती तक्त्यात नसते. कोणत्या दोन वस्तू 'एकच' समजायच्या, आणि कोणाला कोणत्या खुणेनं ओळखायचं. वस्तू म्हणजे पावत्या असतील तर ठीक. माणसं असतील तर या निवडीत कोणीतरी गळू शकतं. हे मला इचोड्यात, मामांच्या दुकानात कळलं.

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा ४४ नंबरचा महामार्ग धरला, पैनगंगा ओलांडली, की तेलंगणा लागतो. आदिलाबाद मागं टाकून निर्मलच्या दिशेनं निघालं की वाटेत इचोडा येतं. १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा मराठी मुलखाकडे गेले, आमचा भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. त्यामुळे इचोड्याच्या बाजारात एकाच सौद्यात मराठी, तेलुगू, गोंडी आणि हैदराबादी हिंदी अशा चार भाषा ऐकू येतात. मामांचं तिथे बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. मृग लागला की उधारीवर बियाणं जातं, कापूस विकला की पैसे येतात. मधले पाच-सहा महिने सगळा भरवसा वह्यांवर.

वह्या दोन. एक रोजकीर्द आणि एक खतावणी. रोजकीर्दीत ज्या क्रमानं व्यवहार झाला त्या क्रमानं ओळ पडते. एकच माणूस दिवसातून तीनदा आला तर तीन ओळी. कोणतीही ओळ मागंपुढं सरकत नाही, कोणतीही ओळ 'ही तर आधीच आहे' म्हणून गाळत नाहीत. खतावणीत मात्र माणसागणिक पान. भीमरावांचं पान उघडलं की त्यांचे मृगापासूनचे सगळे व्यवहार एका ठिकाणी. वहीच्या सुरुवातीला नावांची अनुक्रमणिका, नावासमोर पानाचा नंबर. आणि रोजकीर्दीतल्या प्रत्येक ओळीशेजारी, बारीक अक्षरात, ती ओळ खतावणीच्या कितव्या पानावर चढवली तो आकडा.

दुकानासाठी छोटा प्रोग्राम लिहायचं ठरलं तेव्हा मी मामांना म्हटलं, दोन वह्या कशाला, एकातच सगळं ठेवू. मामा गल्ल्यावरून उठलेही नाहीत. म्हणाले, "पोरी, लोक मले काय विचारतात ते आधी पाय. संध्याकाळी मीच मले विचारतो, आज काय काय झालं? त्याले रोजकीर्द. गिऱ्हाईक विचारते, माह्याकडं किती निघते? त्याले खतावणी. दोन सवाल, दोन वह्या."

संग्रह निवडण्याबद्दल यापेक्षा नेमकं मी कुठं वाचलेलं नाही. आधी सवाल, मग भांडं.

जावाच्या भाषेत रोजकीर्द म्हणजे लिस्ट. लिस्ट क्रम जपते आणि तीच गोष्ट पुन्हा आली तरी घेते. खतावणी म्हणजे मॅप. मॅपमध्ये प्रत्येक नोंदीला एक किल्ली असते, तिला की म्हणतात. की दिली की त्या कीखाली ठेवलेली वस्तू हातात येते. तिसरं भांडं सेट. त्यात एक गोष्ट एकदाच राहते. 'हे आहे का?' एवढंच त्याला विचारायचं. चौथी रांग, म्हणजे क्यू. आधी आला तो आधी बाहेर. जावाची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली तेव्हा व्हेक्टर, हॅशटेबल असे मोजकेच प्रकार होते. आजची ही नीट घडी १९९८ मध्ये, जावाच्या १.२ आवृत्तीत बसली. तिचा मुख्य रचनाकार जोशुआ ब्लॉक.

इथं ऑब्जेक्ट-ओरिएंटेड विचाराची एक गंमत आहे. कागदावर एक व्यवहार दोनदा लिहावा लागतो, रोजकीर्दीत एकदा आणि खतावणीत एकदा. चढवताना आकडा चुकला की दोन वह्या जुळत नाहीत. प्रोग्राममध्ये व्यवहार हा एकच ऑब्जेक्ट असतो. लिस्टमध्ये आणि मॅपमध्ये त्याच्याकडे बोट दाखवणारा पत्ता तेवढा ठेवतात. एका ठिकाणी रक्कम दुरुस्त केली की दुसरीकडून बघितलं तरी दुरुस्तच दिसते. मामांचा तो बारीक अक्षरातला पान नंबर म्हणजे हाच पत्ता.

दुसरी गोष्ट. लिस्ट, सेट, मॅप ही नावं वचनं आहेत. वचन कसं पाळायचं ते आत वेगळं ठरतं. लिस्ट दोन तऱ्हेनं मिळते. ॲरेलिस्ट सगळ्या वस्तू एका सरळ ओळीत मांडते, म्हणून पाचशेवी वस्तू लगेच देता येते. लिंक्डलिस्टमध्ये प्रत्येक वस्तू फक्त शेजारणीचा पत्ता सांभाळते, म्हणून मधल्या वस्तूपर्यंत एका टोकापासून विचारत विचारत जावं लागतं. पुस्तकं या दोघींच्या तुलनेवर पानंच्या पानं घालवतात. खुद्द ब्लॉकनं मात्र २०१५ मध्ये जाहीरपणे सांगून टाकलं की लिंक्डलिस्ट त्यानंच लिहिली आणि तो स्वतः ती वापरत नाही. साध्या कामाला ॲरेलिस्ट घ्यावी आणि पुढं जावं. प्रोग्राममध्ये बाकी सगळीकडे 'लिस्ट' एवढंच लिहावं, म्हणजे उद्या आतलं भांडं बदललं तरी बाकीच्या ओळींना हात लावावा लागत नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येते. ती सेट आणि मॅपमध्ये आहे, कारण दोघांनाही 'हे दोन एकच का?' असा प्रश्न पडतो.

इचोडा मंडलात मुखरा (के) आणि मुखरा (बी) अशी दोन गावं आहेत. 'के' म्हणजे खुर्द, 'बी' म्हणजे बुजुर्ग. महाराष्ट्रात आपण खुर्द आणि बुद्रुक म्हणतो तेच. तेलंगणाच्या सरकारी कागदांत ते अक्षर कंसात येतं. गावांचा सेट करताना एखाद्यानं कंसातलं काढून टाकलं, तर 'मुखरा' दुसऱ्यांदा घालताना सेट म्हणेल, आहे की आधीच. दोन गावांचं एक गाव होईल, आणि कुठंही लाल अक्षरात चूक दिसणार नाही.

उलटंही होतं. आमच्याच गावाचं नाव रोमन लिपीत कुठं 'आय'नं सुरू होतं, कुठं 'ई'नं. इचोड्यातल्या माणसाला दोन्ही पाट्या एकाच गावाच्या वाटतात. कॉम्प्युटरला ती दोन गावं वाटतात. माणसांच्या नावांची तर आणखी परवड होते. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर तेलुगूतून आलेलं दुसरं, बँकेत तिसरं.

आणि मराठी लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं की दिसायला हुबेहूब एक असलेले शब्दही आत वेगळे असू शकतात. आमच्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. त्यातला अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्या पद्धतीत साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही पऱ्हाट्या सारख्याच. सेटमध्ये मात्र दोन नोंदी. एकीवर दिलेलं बियाणं दुसरीवर शोधलं तर सापडत नाही. म्हणून संग्रहात घालण्याआधी सगळे शब्द एका पद्धतीत आणून घ्यावे लागतात. प्रमाणलेखनावरून आपण अंकात वाद घालतो, पण इथे त्याचा हिशेबावर परिणाम होतो.

दोन ऑब्जेक्ट एकच आहेत का, हे जावा स्वतःहून ठरवत नाही. ते क्लास लिहिणाऱ्यानं सांगायचं असतं, इक्वल्स या नावाच्या मेथडमध्ये. काहीच सांगितलं नाही तर जावा प्रत्येक ऑब्जेक्टला वेगळा धरते. मग एकच गिऱ्हाईक सेटमध्ये दोनदा बसू शकतं. 'नाव सारखं म्हणजे माणूस एक' असं सांगितलं तर दोन भीमरावांतला एक बाहेर राहतो. या दोन टोकांच्या मधे कुठं उभं राहायचं, हा निर्णय कीबोर्डवर बसलेल्या माणसाचा असतो. तो एका ओळीत लिहिला जातो आणि नंतर कोणी वाचत नाही.

मॅपचं तर त्याहून गप्प चालतं. आधीच असलेल्या कीखाली नवी वस्तू ठेवली, की जुनी निघून जाते आणि नवी बसते. पुट ही मेथड जुनी वस्तू परत हातात देते खरं, पण बहुतेक प्रोग्राम तो हात पुढं करतच नाहीत. नाव हीच की ठेवली, तर दुसरे भीमराव आले त्या दिवशी पहिल्या भीमरावांचं पान फाटलं.

आमच्या घराजवळ एक काकू राहतात. एका योजनेच्या यादीतून त्यांचं नाव एकदा गेलं. त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, तिन्ही जुळणारी दुसरी बाई जवळच्याच गावात होती. ज्या कार्यालयात यादी होती तिथल्या माणसानं सांगितलं, दोनदा आलेली नावं काढून टाकली, त्यात हे गेलं असणार. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. यादी साफ करायची म्हणून केली. काकूंना मात्र कागद घेऊन कितीतरी खेपा घालाव्या लागल्या, प्रत्येक खेपेला मजुरी बुडवून. 'मी ती नव्हे' हे सिद्ध करायला काय कागद लागतो, ते त्यांना कोणी सांगू शकत नव्हतं. 'मी मी आहे' याचे सगळे कागद त्यांच्याकडे होते.

यापुढचा मुद्दा कळायला हॅशमॅप आतून कसा चालतो ते थोडं बघावं लागेल. पोस्टात पत्रं लावायला खणांची फळी असते ती डोळ्यांपुढं आणा. हॅशमॅप कीवरून एक आकडा काढतो आणि त्या आकड्यावरून खण ठरवतो. सुरुवातीला १६ खण असतात. बाराच्या वर नोंदी गेल्या की खण दुप्पट होतात, म्हणजे एका खणात गर्दी होत नाही. शोधतानाही तेच. कीवरून आकडा, आकड्यावरून खण, आणि खणात जे असेल त्याच्याशी इक्वल्सनं ताडून बघायचं. लाख नावांतही सगळी नावं चाळावी लागत नाहीत, म्हणून हा इतका लाडका.

पण नोंद खणात ठेवल्यावर तिच्यावरचं नावच बदललं तर? नोंद राहते जुन्या खणात. नव्या नावानं शोधलं की आकडा वेगळा येतो, दुसऱ्या खणात हात जातो, ती सापडत नाही. जुन्या नावानं शोधलं की खण बरोबर येतो, पण चिठ्ठीवर आता वेगळं नाव, ताळा जुळत नाही, म्हणून ती तिथेही सापडत नाही. एकूण नोंदी किती असं विचारलं तर ती त्या आकड्यात असते. मोजलेली आहे, पण हाक मारली तर कुठल्याच नावानं ओ देत नाही.

हे वर्गात ऐकलं तेव्हा मला माझ्या आईच्या पिढीतल्या बायका आठवल्या. लग्नात आडनाव बदललं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, काहींचं तर पाळण्यातलं नावही बदललं. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, बाकी सगळं सासरच्या. पुस्तकात नियम एका वाक्यात दिलेला असतो, की बदलणारी नसावी. आपल्याकडच्या निम्म्या माणसांचं नाव आयुष्यात बदलतं, हे ठाऊक असूनही नाव हीच की ठेवणं म्हणजे कोणाचा तरी विचार न करणं आहे.

मामांच्या खतावणीत याचं उत्तर आधीपासून होतं. एखाद्या घरची मुलगी स्वतःच्या नावानं खातं चालवायची आणि पुढं तिचं नाव बदललं, तर ते जुन्या नावावर एकच रेघ मारतात, वाचता येईल अशी, आणि वर नवं नाव लिहितात. पान नंबर तोच राहतो. अनुक्रमणिकेत मात्र दोन्ही नावं ठेवतात आणि दोन्हींसमोर तेच पान. म्हणजे खरी की पानाचा नंबर, आणि नाव फक्त तिथपर्यंत नेणारी वाट. वाटा दोन असल्या म्हणून बिघडत नाही. दोन भीमराव असले तर अनुक्रमणिकेत 'भीमराव, मुखरा के' आणि 'भीमराव, पोस्टाजवळ'. पानं दोन.

आमच्या भागात याहून जुनी आणि याहून मोठी व्यवस्था आहे, आणि ती कोणत्याही वहीत नाही. आदिलाबादचे राजगोंड चार, पाच, सहा आणि सात देवांचे अशा चार गटांत वाटलेले आहेत. प्रत्येक कूळ यांपैकी एका गटात. एकाच गटात सोयरीक होत नाही. मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात या भागात राहिले आणि त्यांनी हे सविस्तर लिहून ठेवलं. संग्रहाच्या भाषेत पाहिलं तर हा मॅप आहे. की म्हणजे देवांची संख्या, आणि तिच्याखाली कुळांचा सेट. सोयरीक जमवताना सगळी कुळं चाळायची गरज नाही, 'किती देवांचे?' एवढा प्रश्न पुरतो. पिढ्यान्पिढ्या तोंडी चाललेली व्यवस्था, तिथेही आधी सवाल ठरला आणि मग मांडणी.

इंद्रवेल्ली मंडलात केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. ती मेश्राम कुळाची. त्या वेळी कुळात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात. तिला भेटिंग म्हणतात, आणि त्यानंतर ती सून पूर्णपणे कुळाची होते. सेटमध्ये एक नवीन नोंद घालायची, तर ती सगळ्यांच्या देखत, दिवस ठरवून, तिला पुढं उभं करून. आपल्या प्रोग्राममध्ये माणूस आत येतो एका ओळीत आणि बाहेरही जातो एका ओळीत, कोणाच्याही देखत नाही. म्हणून मला ती जत्रा आठवते.

क्रमाबद्दलही थोडं सांगते, कारण वाङ्मय मंडळात हे नक्की कोणालातरी आवडेल. हॅशमॅप क्रमाची हमी देत नाही. नावं वर्णक्रमानं हवी असतील तर ट्रीमॅप घ्यायचा. पण ट्रीमॅपचा वर्णक्रम म्हणजे युनिकोडच्या तक्त्यातला क्रम. त्या तक्त्यात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मधे बसलाय. आपण शाळेत म्हटलेल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. म्हणून ट्रीमॅप 'काळे, कावळे, कासार' अशी यादी देतो आणि मराठी माणूस 'कावळे, कासार, काळे' अशी अपेक्षा करतो. भाषेचा क्रम सांगायला जावात कोलेटर नावाची सोय आहे, तिला आपले नियम द्यायचे. दिले नाहीत तर काळे वेगळ्याच जागी जातात आणि शोधणारा शेवटची पानं उलटून परत फिरतो.

रांगेचंही तसंच. कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात गाड्यांची रांग लागते. हमीभावानं घेताना कापसातला ओलावा ८ टक्के धरतात, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत भाव कापतात, त्याहून ओला माल घेत नाहीत. साधी क्यू असली तर आधी आलेली गाडी आधी. काही कारणानं कोणाला पुढं घ्यायचं ठरलं तर जावात प्रायॉरिटी-क्यू आहे. ती महत्त्वानुसार बाहेर काढते. पण दोघांचं महत्त्व सारखं असेल, तर त्यांच्यात आधी आलेला आधी निघेलच अशी हमी ती देत नाही. रात्री दोनपासून थांबलेला आणि सकाळी आठला आलेला, दोघं तिच्या लेखी सारखे. ती हमी हवी असेल तर प्रत्येकाला आल्याचा नंबर द्यावा लागतो आणि बरोबरी झाली की तो बघायला सांगावं लागतं. चार ओळींचं काम आहे. पण ते सुचायला रांगेत उभं राहिलेलं माणूस ओळखीचं असावं लागतं.

मला कोणी विचारलं, संग्रह कसा निवडायचा, तर मी आता वेगापासून सुरुवात करत नाही. आधी विचारते, या संग्रहाला कोणते प्रश्न पडणार आहेत? क्रम महत्त्वाचा आहे का, आणि कोणाच्या मते? तीच गोष्ट दोनदा आली तर ती चूक आहे की खरीच दोनदा घडली आहे? एक म्हणजे कोण, हे कशावरून ठरतं, आणि ती खूण बदलू शकते का? जागा आधीच भरलेली असेल तर कोणाला सांगायचं? याची उत्तरं मिळाली की भांडं बहुतेक वेळा आपोआप ठरतं. वेग त्यानंतर. हजार नावं असोत, वर्णक्रमानं लावलेल्या यादीत निम्मं निम्मं करत गेलं तर दहा पायऱ्यांत नाव मिळतं. लाख असली तर सतरा. मामांच्या दुकानासाठी यातलं काहीही चाललं असतं. वेगानं तिथं कोणाचं नुकसान होणार नव्हतं, ओळख चुकली असती तर झालं असतं.

आपल्या कॉलेजात प्रार्थनेच्या वेळी लूकच्या १५ व्या अध्यायातला शंभर मेंढरांचा दाखला सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलाय. एक हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव रानात ठेवून त्याच्यामागं जातो. आपण त्याच्या प्रेमाबद्दल बोलतो. मला आता त्याच्या हिशेबाचंही कौतुक वाटतं. नुसता आकडा ठेवणाऱ्याला एक कमी आहे एवढंच कळतं. कोणतं कमी आहे, ते कळायला सकाळचा कळप आणि संध्याकाळचा कळप, दोन्ही ओळखीसकट मनात असावे लागतात. सकाळच्या सेटमधून संध्याकाळचा सेट वजा केला की जे उरतं, त्याला शोधायला जायचं. जावात ही वजाबाकी एका ओळीची आहे, रिमूव्हऑल. पण आधी प्रत्येक मेंढरू वेगळं मानलेलं असलं पाहिजे.

दुकानाचा प्रोग्राम आता चालू आहे. व्यवहारांची एक ॲरेलिस्ट, तीच रोजकीर्द. खाते क्रमांकावरून खातं देणारा एक हॅशमॅप, तीच खतावणी. नावावरून खाते क्रमांकांची लिस्ट देणारा आणखी एक मॅप, ती अनुक्रमणिका. एका नावाखाली कितीही क्रमांक राहू शकतात आणि एका क्रमांकापर्यंत कितीही नावं नेऊ शकतात. नवं खातं उघडताना ते नाव आधीच असलं, तर प्रोग्राम स्वतः काही ठरवत नाही. गाव, घराची खूण आणि शेवटचा व्यवहार दाखवतो आणि विचारतो, "हीच व्यक्ती का?" मामा चष्मा वर करून समोरच्या माणसाकडे बघतात, दोन शब्द बोलतात आणि बटण दाबतात. या हंगामात हा प्रश्न बऱ्याचदा आला, आणि बहुतेक वेळा त्यांनी 'नाही' दाबलं.